हॉलसाहेबांची तेरा वर्षे

सन १८१८ साली मुंबई बेटावर राहणाऱ्या दोन अमेरिकन माणसांनी एक गणित मांडले. जगात सुमारे साठ कोटी माणसे अशी आहेत की ज्यांच्या कानांवर ख्रिस्ताचे नाव अजून गेलेले नाही. वीस हजार माणसांमागे एक उपदेशक धरला तर एकूण उपदेशक किती लागतील? उत्तर आले तीस हजार. हा हिशेब त्यांनी एका लहानशा पुस्तिकेत घातला आणि ती पुस्तिका आपल्या देशबांधवांच्या विचारासाठी अमेरिकेत छापविली.

गणित चोख आहे. माझ्या वर्गातली मुले ते तोंडीच सोडवतील. परंतु मास्तराला उत्तर तपासताना हातचा किती होता तेही पाहावे लागते, आणि इथे हातचा होता शून्य. त्या दोघांपैकी एकाला मुंबईत येऊन पाच वर्षे झाली होती, दुसऱ्याला चार. एवढ्या काळात त्यांच्या उपदेशाने एकाही माणसाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. पदरात काही नसताना तीस हजारांची भाषा करणाऱ्या या माणसांना काय म्हणावे? त्या काळच्या मुंबईतल्या बहुतेक इंग्रजांनी त्यांना वेडे म्हटले असेल. आपणही कदाचित तेच म्हणू. पण त्यांची हकीकत मुळापासून वाचली की तो शब्द जिभेवर येऊन अडतो.

त्या दोघांची नावे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूवेल. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांतून ही नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडून कधीतरी ऐकू येत. आता तीही येत नाहीत. इतर वाचकांना ती ठाऊक असण्याचे काही कारणच नाही. म्हणून थोडे मागून सांगतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात विल्यम्सटाउन नावाचे गाव आहे. तिथल्या कॉलेजातले पाच विद्यार्थी १८०६ च्या ऑगस्टमध्ये एका दुपारी शेतात प्रार्थनेला जमले असता वादळ सुटले. पोरे गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि पाऊस थांबेपर्यंत बोलत राहिली. बोलणे आशिया खंडाविषयी चालले होते, जो त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. त्यांच्या देशातून तोवर समुद्रापलीकडे मिशनरी पाठविण्याची रीत नव्हती. तरी आपण गेले पाहिजे, असे त्या गंजीआड ठरले. हॉल त्या पाचांत नव्हते; पण ते त्याच कॉलेजात होते आणि लवकरच त्या विचाराने पछाडले गेले. त्यांना एका चांगल्या मंडळीचे पाळकपद चालून आले होते, तेही त्यांनी नाकारले. पुढे १८१० मध्ये परदेशी मिशनांसाठी एक मंडळ स्थापन झाले, आणि १८१२ च्या ६ फेब्रुवारीला सेलेम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली: जडसन, न्यूवेल, नॉट, हॉल आणि राइस. दोन आठवड्यांच्या आत 'कॅरव्हॅन' आणि पाठोपाठ 'हार्मनी' अशी दोन जहाजे त्यांना घेऊन हिंदुस्थानच्या वाटेला लागली.

इथपर्यंत सारे उत्साहाचे. आता पुढच्या दहा महिन्यांत काय झाले ते पाहा.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले. म्हणजे कलकत्त्याला उतरणारे हे पाहुणे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी आधीच नकोसे होते. १८०६ साली वेल्लोरला शिपायांनी बंड केले होते, आणि धर्मात ढवळाढवळ झाली की या देशात काय होते याचा धसका कंपनीच्या अधिकाऱ्यांनी घेतला होता. व्यापार सांभाळायचा तर पाद्री दूर ठेवावेत, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तेव्हा कलकत्त्याला पाऊल टाकताच या मंडळींना निघून जाण्याचा हुकूम मिळाला.

याच सुमारास जडसन आणि राइस यांचे बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलले आणि ते बॅप्टिस्ट पंथात गेले. ज्या मंडळाने त्यांना पाठविले होते त्याचे पाचांतले दोन असे गेले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. त्यांची कथा निराळी आहे आणि मोठीही आहे. न्यूवेल आपली बायको हॅरिएट हिला घेऊन मॉरिशसला जाणाऱ्या जहाजावर चढले. हॅरिएटचे वय एकोणीस. फेब्रुवारीत लग्न, त्याच महिन्यात प्रवास, आणि आता पोटात पहिले मूल. ते मूल भर समुद्रात जन्मले आणि पाच दिवसांनी वारले. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरल्यावर ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही क्षयाने गेली. ज्या कामासाठी ती घर सोडून निघाली होती त्यातले एक दिवसाचेही काम तिच्या हातून झाले नाही. तिची आठवण सांगणारे पुस्तक अमेरिकेत घरोघर वाचले गेले आणि ते वाचून कित्येकांनी मिशनच्या कामाला वाहून घेतले, हे खरे. पण त्या दिवशी परक्या बेटावर एकट्या उरलेल्या न्यूवेल यांना ते कोणी सांगितले नव्हते.

उरले हॉल आणि नॉट. त्यांनी कलकत्त्याहून मुंबईला जाणारे 'कॉमर्स' नावाचे जहाज गाठले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबई बंदरात उतरले.

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणायची तर आजचे जवळजवळ सगळेच पुसून टाकावे लागते. तटबंदीच्या आत कोट, बाहेर नारळीच्या वाड्या आणि वस्त्या, आणि खाडीपलीकडे अजून पेशवाई. पुण्यात दुसरे बाजीराव गादीवर होते. मराठी बोलणाऱ्यांना ख्रिस्ती धर्म अगदीच अपरिचित होता असेही नाही. वसईकडे पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती वस्ती होती, आणि गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीच छापले गेले होते. तिकडे श्रीरामपुरात विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे काम चालविले होते. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश त्यांनी प्रसिद्ध केला होता. परंतु मराठी मुलखात, मराठी माणसांत राहून काम करायचे, असा बेत करून आलेले प्रॉटेस्टंट मिशनरी हेच पहिले.

मुंबईचे गव्हर्नर होते सर इव्हान नेपियन. मलबार टेकडीच्या पायथ्याच्या नेपियन सी रोडला नाव मिळाले ते यांचेच. हा गृहस्थ मनाने धार्मिक होता, बायबल सोसायटीशी त्याचा संबंध होता. पण तो गव्हर्नर होता, आणि कलकत्त्याहून गव्हर्नर जनरलचे पत्र मागोमाग येऊन थडकले होते की या दोघा अमेरिकनांना विलायतेला रवाना करा. नेपियनसाहेबांनी शक्य तितकी चालढकल केली. त्या अवधीत हॉल आणि नॉट यांनी पंडित ठेवून मराठी शिकायला प्रारंभ केला. उद्या बाहेर काढले जाऊ अशी स्थिती असताना परभाषेची क्रियापदे पाठ करणारा विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही. परीक्षा रद्द होण्याची नुसती अफवा उठली तरी आमची मुले पुस्तके मिटतात.

नोव्हेंबर उजाडला आणि चालढकल संपली. विलायतेला जाणाऱ्या जहाजावर त्यांची रवानगी ठरली. आणि आता एक अशी गोष्ट घडली की जी आमच्या भाविक लेखकांनी बहुधा झटपट उरकली आहे. हॉल आणि नॉट पळाले. किनाऱ्याने कोचीनकडे जाणाऱ्या एका गलबतात ते गुपचूप बसले. तिथून सिंहलद्वीप गाठावे, तिथला कारभार कंपनीकडे नसल्याने तिथे तरी थारा मिळेल, असा त्यांचा अंदाज होता. कोचीनला त्यांना अटकाव झाला आणि डिसेंबरमध्ये त्यांना परत मुंबईला आणून हजर करण्यात आले.

नेपियनसाहेबांना हे फार लागले. ज्यांच्यासाठी आपण वरच्यांची नाराजी ओढवून घेतली त्यांनीच आपल्याला तोंडघशी पाडले, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. आणि प्रश्न तर उरतोच. देवावर एवढा भरवसा होता, तर पळायचे कशाला? त्याने ठेवले तर राहू, काढले तर जाऊ, असे म्हणून स्वस्थ का बसले नाहीत?

मी या प्रश्नाशी बराच वेळ घोटाळलो आहे. आमच्या देवळांतून 'विश्वास' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला जातो की घासून घासून त्या नाण्यावरचा छाप गेला आहे. विश्वास ठेवा म्हणजे आजार बरा होईल, नोकरी लागेल, मुलगी उजवेल, असे सांगणारेही भेटतात. आणि विश्वास ठेवा म्हणजे काही करू नका, असे न सांगता सुचविणारेही भेटतात. हॉल आणि नॉट यांचा विश्वास या दोन्ही साच्यांत बसत नाही. त्यांच्या मते कोणत्या माणसाने कोणत्या बेटावर राहावे हे सांगण्याचा अधिकार कंपनीला नव्हता. जाण्याची आज्ञा त्यांना दुसऱ्याच ठिकाणाहून मिळाली होती. तेव्हा एक दार लागले की दुसरे ढकलून पाहायचे, ते लागले की तिसरे. पळण्यात त्यांची चूक झाली असे मला वाटते; ज्या माणसाचे मीठ खाल्ले त्याला न सांगता जाणे बरे नव्हे. परंतु ती चूक भित्र्याची नव्हती. भित्रा विलायतेच्या जहाजात मुकाट्याने बसला असता आणि घरी गेल्यावर देवाची इच्छाच तशी होती असे त्याने सांगितले असते.

परत आणल्यावर त्यांनी नेपियनसाहेबांना एक पत्र लिहिले. हा कागद वाचण्यासारखा आहे. त्यात कायद्याचा कीस नाही की कोठे गयावया नाही. आपण आलो ते ख्रिस्ताच्या आज्ञेने; त्या आज्ञेच्या आड जोरजबरदस्तीने आलात तर शेवटल्या न्यायाच्या दिवशी तुम्ही आणि आम्ही एकाच आसनासमोर उभे राहू, तेव्हा याचे काय उत्तर द्याल ते आजच मनाशी ठरवा, असा त्या पत्राचा आशय आहे. परागंदा झालेल्या, पकडून आणलेल्या, शत्रुराष्ट्राच्या दोन माणसांनी मुंबईच्या गव्हर्नरला लिहिलेली ही भाषा आहे! दुसरा कोणी असता तर पत्र फाडून त्यांना त्याच दिवशी जहाजावर चढविले असते. नेपियनसाहेब मात्र हलले. अगदी निघायच्या वेळी त्यांनी रवानगी थांबविली आणि विलायतेच्या संचालक मंडळाचा निर्णय येईपर्यंत त्यांना राहू दिले.

इकडे लंडनमध्ये १८१३ च्या जुलैतच पार्लमेंटने कंपनीच्या सनदेत बदल केला होता आणि मिशनऱ्यांना या देशात येण्याची वाट मोकळी झाली होती. पण त्या काळी बातमी शिडाच्या जहाजाने यायची. मुंबईत ही माणसे निराशेच्या तळाशी बसली होती तेव्हा त्यांच्या सुटकेचा कागद हजारो मैलांवर लिहून तयार होता. मला त्यांच्या सबंध कथेत हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. तरीही अमेरिकन म्हणून त्यांचे राहणे पक्के व्हायला आणखी काळ लागला. संचालकांत चार्ल्स ग्रँट यांच्यासारखी माणसे त्यांच्या बाजूने उभी राहिली म्हणून ते निभावले.

१८१४ मध्ये न्यूवेल सिंहलद्वीपाहून येऊन त्यांना मिळाले. १८१५ मध्ये नॉट प्रकृती ढासळल्यामुळे मायदेशी परतले. पाचांचे आता दोन राहिले.

या दोघांचा दिनक्रम मोठा एकसुरी होता. सकाळी पंडिताजवळ बसायचे, मग भाषांतर, आणि उन्हे कलली की वस्तीत हिंडायचे. जिथे चार माणसे जमलेली दिसतील तिथे, बाजारात, देवळाच्या आवारात, तळ्याच्या पायऱ्यांवर, हॉलसाहेब उभे राहून बोलू लागत. लोक ऐकत, हसत, प्रश्न विचारत, कंटाळून निघून जात. कित्येकदा चांगला वादही होई. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या लोकांच्या देवधर्माविषयी हॉलसाहेबांनी जे लिहून ठेवले आहे त्यातले पुष्कळसे आज वाचवत नाही. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेत ते रोज बोलत होते, पण त्या भाषेत देवाविषयी आधीच काय काय बोलून झाले आहे याची दाद त्यांना लागली नव्हती. ती दाद लागायला आमच्या समाजाला नारायण वामन टिळकांपर्यंत थांबावे लागले. हॉलसाहेब न्यू इंग्लंडच्या कडक मातीत वाढलेले. जे आपल्या चौकटीत नाही ते अंधार, असे ते धरून चालत. लोकांनी त्यांचे ऐकून घेतले हा लोकांचा मोठेपणा म्हणायचा.

फळ मात्र दिसेना. १८१९ च्या सप्टेंबरात एका गृहस्थाचा बाप्तिस्मा झाला, तो हैदराबादकडून आलेला कादिर यार खान नावाचा मुसलमान. ज्या मराठी माणसांसाठी सारा खटाटोप त्यांच्यातले कोणी पुढे येईना. आणि मरणे सुरू झाली. लहान मुले तर गेलीच. १८२१ च्या मे महिन्यात न्यूवेल पटकीने गेले. १८२४ साली निकोल्स गेले, १८२५ साली फ्रॉस्ट गेले. अमेरिकेहून नवा माणूस यायचा, भाषा शिकायचा, आणि बोलता यायला लागला की त्याला पुरायची वेळ यायची.

मध्यंतरी दोन कामे झाली होती. ती मुख्य काम म्हणून कोणी मांडली नव्हती. मुख्य कामाला उपयोगी पडावीत म्हणून मांडली होती.

पहिले शाळांचे. १८१५ पासून त्यांनी मुंबईत मराठी शाळा काढायला सुरुवात केली. ख्रिस्ती मास्तर कोठून आणणार? म्हणून पंतोजी ब्राह्मणच नेमले. बेने इस्रायलांची मुलेही या शाळांतून येऊ लागली. लिहिणे, वाचणे, हिशेब आणि जोडीला शुभवर्तमानाचे धडे. पंतोजी ते धडे किती गोडीने शिकवीत असतील ते मी मास्तर या नात्याने कल्पनेने ताडू शकतो. १८२४ साली मुलींसाठी वेगळी शाळा काढली. मुलींनी अक्षर गिरवले तर काय अनर्थ होईल अशी समजूत असण्याचा तो काळ. त्या शाळेत मुली आल्या हेच आश्चर्य.

दुसरे काम छापखान्याचे. १८१६ च्या अखेरीस छपाईचे काम जाणणारे होरॅशिओ बार्डवेल मुंबईत आले. बालबोध खिळे कलकत्त्याहून मागविले. १८१७ च्या मार्च महिन्यात या छापखान्यातून पहिले मराठी चोपडे बाहेर पडले: पाने आठ, प्रती दीड हजार. त्याआधी मुंबईत छपाई होती, परंतु मराठी मजकूर नित्य छापणारा आणि तो लोकांत वाटणारा असा हा पहिलाच कारखाना म्हणायला हरकत नाही. आता त्या दीड हजार प्रतींचे काय झाले असेल? काही घरांतून त्या चुलीत गेल्या असतील, काही वाण्याच्या पुड्यांना लागल्या असतील. पण मराठी अक्षर असे एकाला एक तंतोतंत जुळून कागदावर उमटू शकते हे पुष्कळांनी त्या दिवसांत पहिल्यांदा पाहिले.

१८२५ साली हॉलसाहेबांनी बायकोला आणि दोन्ही मुलांना मुलांच्या प्रकृतीसाठी अमेरिकेला पाठविले. आपण मागे राहिले, कारण नव्या कराराचे मराठी भाषांतर छापून पुरे व्हायचे होते. त्या प्रवासात एक मुलगा वारला. बापलेकांची गाठ पुन्हा पडली नाही.

पुढच्या वर्षी मार्चच्या आरंभी दोन ख्रिस्ती पोरे सोबत घेऊन ते घाटावर निघाले. नाशिकला पोहोचले तो तिथे पटकीने थैमान मांडलेले. हॉलसाहेब निघण्यापूर्वी थोडे वैद्यक शिकून आले होते. बरोबर होते नव्हते तेवढे औषध त्यांनी लोकांना वाटले. चोपडी वाटली. दोन आठवडे होत आले तसे परत फिरले आणि वाटेत एका खेड्यात मुक्कामाला थांबले. गावाने त्यांना देवळाच्या ओसरीवर जागा दिली. ज्या देवळांविरुद्ध ते तेरा वर्षे बोलत आले त्यांच्यापैकीच एकाच्या ओसरीवर त्यांचे अंथरूण पडले. शेजारी एक आजारी वाटसरू कण्हत होता.

२० मार्च १८२६ ची पहाट. चारच्या सुमारास निघायचे म्हणून ते उठले. औषधाचा जो थोडा साठा शिल्लक होता त्यातून त्यांनी त्या वाटसरूला औषध दिले, आणि लगेच पटकीने त्यांनाच घेरले. उरलेसुरले औषध घेतले ते पोटात ठरेना. आपण यातून उठत नाही हे त्यांनी पोरांना सांगितले, सामानाचे काय करायचे ते सांगितले, बायकोसाठी आणि उरलेल्या मुलासाठी प्रार्थना केली. मग तीनदा देवाचा गौरव असो असे म्हणाले. दुपारी एकच्या आत सारे संपले. वय एकेचाळीस.

त्या दोन पोरांची काय अवस्था झाली असेल! परका गाव, साथीची भीती, आणि समोर साहेबाचे प्रेत. खड्ड्यासाठी जागा मिळवताना त्यांची फार धावाधाव झाली. शवपेटी कसली मिळते? हॉलसाहेबांच्याच कांबळ्यात गुंडाळून त्यांना पुरले. दगड पुढे केव्हातरी कोणी बसविला.

मुंबईत बातमी पोहोचली तेव्हा मिशनची दोन माणसे उरली होती, ग्रेव्हज आणि गॅरेट. मंडळीतल्या मराठी ख्रिस्ती माणसांची मोजणी करायची तर एका हाताची बोटे जास्त झाली असती. अमेरिकेतल्या जमाखर्च पाहणाऱ्या सद्गृहस्थांनी त्या दिवशी तेरा वर्षांचा ताळेबंद काढला असता तर काय निघाले असते ते सांगायला नको. तीस हजारांचे गणित कोणाला आठवले असते तर तो हसलाही नसता.

पवित्र शास्त्रात इब्री लोकांस लिहिलेले एक पत्र आहे. त्यात विश्वासू पूर्वजांची एक लांबलचक नामावळी येते. अब्राहामाला म्हातारपणी मुलगा झाला ती गोष्ट तीत आहे, आणि उपदेशकांना तीच सांगायला आवडते, कारण तीत शेवटी पाळणा हलतो. पण त्याच नामावळीत पुढे असेही म्हटले आहे की यांच्यापैकी कित्येकांना दिलेले वचन पुरे झालेले पाहायला मिळाले नाही. त्यांनी ते लांबून पाहिले, त्याला हात केला, आणि ते मेले. त्या ओळी देवळात क्वचितच वाचल्या जातात. हॉलसाहेब पहिल्या रांगेतले नव्हेत, या दुसऱ्या रांगेतले. आणि मला वाटते, जगात दुसऱ्या रांगेतली माणसेच अधिक असतात.

नवा करार त्याच १८२६ साली छापून पुरा झाला.

१८२७ च्या अखेरीस सिंथिया फॅरार नावाची एक अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून मुंबईच्या मुलींच्या शाळांसाठी आली. पुढे ती अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली आणि १८६२ साली तिथेच वारली. तिची नगरची मुलींची शाळा पाहायला पुण्याहून एक तरुण गेला होता. त्या तरुणाचे नाव जोतीराव फुले. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढचे मी सांगत बसत नाही. ते शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे.

छापखान्याची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण ती तितकी सांगितली जात नाही. अमेरिकन मिशनच्या छापखान्याचे काम गणपत कृष्णाजी पाटील नावाच्या भंडारी गृहस्थाने पाहिले. यंत्र कसे दाबते, शाई कशी धरते, खिळा कसा ओततात, हे सारे त्याने डोळ्यांत साठविले. इंग्रजी विद्या नाही, कोणी शिकविणारा नाही. स्वतःच यंत्र बनविले, स्वतःच शाई तयार केली, पुढे खिळेही स्वतः पाडले. सोवळ्या मंडळींना छापील शाईत चरबी असल्याचा संशय, म्हणून त्याने तुपाची शाई केली असे सांगतात. १८३१ साली त्याने आपला छापखाना घातला आणि पहिल्याच सुमारास छापले ते पंचांग. नंतरच्या पिढीत जावजी दादाजी लहानपणी याच मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली उमेदवारीला लागले. त्या जावजींनी १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना काढला, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंतच्या शास्त्र्यांच्या हातांत त्याच्या संस्कृत पोथ्या गेल्या.

शुभवर्तमान छापण्यासाठी समुद्रापलीकडच्या माणसांनी जो छापखाना घातला त्याच्या नमुन्यावर पंचांग निघाले आणि वेदशास्त्रांचे ग्रंथ निघाले! हॉलसाहेबांना हे कळते तर ते कपाळाला हात लावते. मी त्यांना जितके ओळखतो त्यावरून तरी मला तसेच वाटते. न्यूवेल कदाचित हसले असते; ते स्वभावाने मऊ होते.

१८३१ सालीच मिशनच्या कामात असलेले बाबाजी नावाचे एक मराठी ब्राह्मण ख्रिस्ती झाले. त्या डिसेंबरात ग्रेव्हज, रीड आणि हर्वी हे तिघे त्यांना बरोबर घेऊन नगरला गेले आणि तिथे घर भाड्याने घेतले. पाच महिन्यांत हर्वी पटकीने वारले. दुसऱ्या वर्षी बाबाजी वारले. बाकीच्यांनी तिथे शाळा उघडली.